साडूच्या रानातले बटाटे

त्या वर्षी पाऊस जायचं नाव घेईना. बटाटा जमिनीत तयार होऊन बसला आणि वरून सर पडतच राहिली. सखल रानांतलं पीक जागच्या जागी कुजलं. कुदळ मारली की बटाट्याऐवजी पांढरा गाळ वर यायचा आणि असा वास सुटायचा की शेजारच्या बांधावरचा माणूससुद्धा नाकाला फडकं लावायचा.

त्याच पावसानं नदीची वाळू बंद झाली, वाळू नाही म्हणून बांधकामं बंद झाली आणि गवंड्याची थापी घरात खिळ्याला लटकली. हा गवंडी उंच, काटकुळा आणि मान खाली घालून चालणारा. गाव त्याला तोंडावर मिस्त्री म्हणायचं आणि पाठीमागे ओळंबा. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला दोरीला बांधून सोडतात ते वजन, तो ओळंबा. हे नाव त्याला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. वाकड्या भिंती बांधणाऱ्याला कोणी ओळंबा म्हणत नाही.

घर चालत होतं ते बायकोच्या हातांवर. गावाबाहेर नवीन रस्ता होत होता आणि त्यावरच्या माणसांचं दुपारचं जेवण ती करायची. भात आणि बटाट्याची भाजी. कधी रस्सा, कधी कोरडी, पण बटाटा हवाच, कारण खडी फोडणाऱ्या माणसाच्या पोटात दुसरं काही टिकत नाही. लेक लग्न होऊन लांब गेली होती, घरात दोघंच. सगळं रांगेला लागलेलं असताना नळाजवळच्या शेवाळलेल्या फरशीवर बायकोचा पाय सटकला आणि उजवं मनगट मोडलं. हाताला कोपरापर्यंत प्लास्टर चढलं. ओल्या वर्षालाही तेरावा महिना लागतोच म्हणायचा.

ओळंबा म्हणाला, मी करतो स्वयंपाक. बायकोनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कधी केलाय?"

"रोज माल कालवतो. पाणी किती, सिमेंट किती, कळतं मला."

"मालात मीठ नसतं," ती म्हणाली, आणि दुखत्या हातासकट हसली.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. घरातले बटाटे संपत आले होते, म्हणून तो सायकल घेऊन गेला. बाजारात बटाटा फार नव्हताच. जो होता तो बारका, ओलसर, कुठे कुठे खालून पाणी सुटलेला. एका बटाटेवाल्याकडे मात्र लाल माती लागलेला, टपोरा माल होता. आजच काढलाय, हात लावून बघा, माती अजून ओली आहे, असं तो सांगत होता. ओळंब्यानं हात लावला. माती खरंच ओली होती. त्यानं गोणी घेतली, सायकलच्या कॅरियरला बांधली आणि मोठी कामगिरी केल्यासारखा घरी आला.

बायको पायरीवर बसून होती. तिनं डाव्या हातानं एक बटाटा उचलला, पाण्यात बुडवला आणि अंगठ्यानं चोळला. माती क्षणात उतरली. आत जाड, सुरकुतलेली साल. खांद्याशी हिरवी झाक. तिनं नखानं खरवडलं, साल सुटेना.

"नवा बटाटा असता तर अंगठ्यानं साल निघाली असती," ती म्हणाली. "हा मागच्या वर्षीचा. मातीत लोळवलाय."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं त्याला.

दुपारच्या जेवणाला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यातलेच निवडून, हिरवं कापून टाकून भाजी केली. बायको स्टुलावर बसून सांगत गेली, तो करत गेला. फोडी एक जाड, एक पातळ; जाड कच्च्या राहिल्या, पातळ विरघळल्या. कितीतरी बटाटे कापल्यावर आतून काळे निघाले. वरून गोल गुळगुळीत आणि पोटात कोळसा. तरी काही त्याच्या नजरेतून सुटले असावेत. रस्त्यावर त्यानं पातेलं उघडलं, वाढलं आणि बाजूला उभा राहिला. रोलर चालवणारा एक एक काळी फोड बोटानं उचलून ताटाच्या कडेला ओळीनं मांडत होता. एकानं घास तोंडात घेतला, पाठ फिरवून थुंकला आणि पाण्यानं चूळ भरली. पातेलं अर्धं परत आलं.

रस्त्याच्या कामावरचा मुकादम वाईट माणूस नव्हता. त्यानं ओळंब्याला झाडाखाली बाजूला घेतलं. वहिनींच्या हाताची चौकशी केली. मग म्हणाला, "मिस्त्री, राग मानू नका. आठवडाभर बघतो. पण माणसं अर्धपोटी राहिली तर मला दुसरी सोय करावी लागेल."

ओळंब्यानं मान हलवली. परतताना त्यानं सायकल तशीच बाजाराच्या गावाकडे वळवली. बटाटेवाल्याचं दुकान तिथंच होतं. राहिलेली गोणी परत घ्या, एवढंच त्याला म्हणायचं होतं. बटाटेवाल्यानं आजूबाजूच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं विचारलं, "घेताना ओळंबा सोडून बघितला नव्हता का, मिस्त्री?"

लोक हसले. ओळखीचेही हसले. त्याला उत्तरं नेहमी घरी पोचल्यावर सुचत. तो निघून आला.

संध्याकाळी बायकोनं त्याला शिकवायला घेतलं. कामाचे आणि बिनकामाचे बटाटे तिनं समोर मांडले. अंगठ्यानं दाबून बघा, दबला तर सोडा, म्हणाली. त्यानं दाबलं. त्याला काही कळेना. वर्षानुवर्षं सिमेंट खाऊन त्याचा अंगठा असा बधिर झाला होता की गरम कप धरला तरी चटका उशिरा पोचायचा. नखं झिजून बोटात गेलेली. वास घेऊन बघा, ती म्हणाली. पण नाकात आयुष्यभराची धूळ. शेवटी वैतागून त्यानं दोन बटाटे दोन तळहातांवर घेतले आणि हात खालीवर केले, विटा घेताना करायचा तसे.

"हा हलका आहे," तो म्हणाला.

बायकोनं कापला. आत पोकळी.

"आणि हा?"

"हा भरलाय."

तो भरलेला निघाला. तिला मजा वाटली. तिनं डोळे मिटायला लावून आणखी चार-सहा हातात दिले. चुकलाही तो एकदोनदा. हिरवा बटाटा वजनाला चांगलाच लागतो, तो डोळ्यांनीच ओळखायचा. पण आकाराच्या मानानं हातात जड लागतो तो जिवंत, एवढं त्याच्या तळव्यानं धरून ठेवलं.

पुढचे दोन दिवस तो आजूबाजूच्या गावांत हिंडला. पहाटे स्वयंपाक, दुपारी वाढप, मग सायकल. आता त्याला फसवणं अवघड होतं, पण चांगला मालच नव्हता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कुठे गोणीत हात घातला की बोटं ओली व्हायची. कुठे रोपांसारखे लांब कोंब. थोडेथोडे निवडून आणायचा आणि ते एका दिवसात संपायचे. पातेलं थोडं कमी परत यायला लागलं होतं, पण रिकामं येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तो चिखलानं भरलेल्या पायांनी आला आणि पायरीवर बसला. बायको शेजारी येऊन बसली. बराच वेळ समोरच्या चढाकडे बघत राहिली.

"वरच्या माळावर पाणी थांबत नाही," ती म्हणाली.

वरच्या माळावर, रेताड जमिनीत, बटाटा लावणारं एकच घर होतं. तिच्या थोरल्या बहिणीचं. म्हणजे त्याच्या साडूचं. ती हे पहिल्या दिवसापासून जाणून होती आणि बोलली नव्हती, हेही त्याला त्याच क्षणी कळलं.

साडूशी त्याचं बोलणं तुटलं होतं ते भिंतीवरून. साडूनं घर वाढवायला काढलं तेव्हा काम अर्थातच ओळंब्याकडे आलं. मागची भिंत कमरेएवढी झाली आणि एका सकाळी साडूनं, कोणाचं तरी ऐकून, दुसरा गवंडी आणून उभा केला. भिंत ओळीत आहे का बघ, म्हणाला. चार मजुरांसमोर. त्या गवंड्यानं बघितलं आणि ठीक आहे म्हणून सांगितलंही. पण ओळंब्यानं थापी धुतली, पिशवीत टाकली आणि अर्धी भिंत सोडून चालता झाला. तेव्हापासून दोघी बहिणी कोणाच्या लग्नात किंवा मयतीला भेटल्या तरच भेटायच्या, आणि तेव्हाही नवऱ्यांकडे चोरून बघत बोलायच्या.

"मी जाते," बायको म्हणाली.

"हात गळ्यात बांधून?"

"हात मोडलाय. पाय धड आहेत. आणि ताई माझी आहे."

तो उठला, पाय धुतले. "जातो मी," म्हणाला.

"जाताय तर ताकाला जाऊन भांडं लपवू नका," ती म्हणाली. "काय हवं ते सरळ सांगा."

सकाळी भात-भाजी रस्त्यावर पोचवून तो चढ चढला. वर हवा कोरडी होती. खाली इतका पाऊस झाला त्याची खूण फक्त वाळूत पडलेल्या बारीक घळींमधून दिसत होती. साडू रानात होता, बुटका, रुंद, कुदळीवर वाकलेला. मागून त्याची बायको, म्हणजे ताई, आणि दोन म्हाताऱ्या बाया बटाटे वेचत होत्या. साडूनं त्याला येताना बघितलं आणि कुदळ थांबवली नाही. ओळंबा सरीच्या टोकाला उभा राहिला. साडूनं सरी संपवली. मग पाणी प्यायला. मग दुसरी सरी धरली. ऊन मानेवर बसलं तरी ओळंबा तसाच उभा. ताई एकदा उठायला गेली, पण नवऱ्याकडे बघून पुन्हा बसली.

शेवटी ओळंबाच बोलला. "साडूभाऊ, मला बटाटे हवेत. खाली चांगला बटाटा मिळत नाही. हिचं मनगट मोडलंय आणि जेवणाचं काम हातचं जाईल असं झालंय."

कुदळ थांबली, पण त्याच्या बोलण्यानं नव्हे. ताईनं हातातली पाटी खाली टाकली होती.

"मनगट मोडलं? कधी?" आणि उत्तराची वाट न बघता, "ती पडली आणि मला असं रानात उभं राहून कळावं?"

साडू म्हणाला, माल बोलून ठेवलाय, चार दिवसांनी व्यापाऱ्याची गाडी येणार आहे. तोवर सगळं रान काढायचं आहे आणि काढायला माणसं नाहीत. सगळी माणसं रस्त्यावर गेली. हे शेवटचं वाक्य त्यानं असं म्हटलं की जणू रस्ता ओळंब्यानंच काढलाय.

बांधावर एक कुदळ पडली होती. ओळंब्यानं ती उचलली, बाजूची सरी धरली आणि घाव घातला. वर आला तो बटाटा मधोमध चिरलेला.

"वीट फोडायची नाही," साडू म्हणाला. "बाजूनं घाला. खालून उचला."

त्यानं बाजूनं घातली. या वेळी माती उलटली आणि पाच-सात बटाटे उघड्यावर आले, फिकट, पातळ सालीचे. त्यानं एक हातात घेतला. बाजारात हिंडून हिंडून जे मिळालं नव्हतं ते वजन त्याच्या तळव्यावर होतं. पुढे सरकला.

दुपारच्या जेवणाला ताईनं नवऱ्याला सांगून टाकलं. विचारलं नाही, सांगितलं. उद्यापासून मी खाली जाते, तिचा स्वयंपाक मी करते. माझ्या जागी हे इथं काढतील. जाताना पाटीभर बटाटे नेते. साडू घास चावत राहिला, आणि त्यानं नाही म्हटलं नाही तेव्हा ताईनं ते हो धरलं.

मग चार दिवस ओळंबा बटाटे काढत होता. बांधकामात पाठ लागते, पण ती उभी लागते. इथं सगळा दिवस वाकून. पहिल्या संध्याकाळी त्याला उतारावरून सायकल धरून चालवत न्यावी लागली, कारण बसलं की उठवत नव्हतं. गुडघ्यात रेती, नखात रेती. घरी यायचा तर दोघी बहिणी चुलीपाशी एकमेकींच्या बोलण्यावर बोलत असायच्या, आणि तो आला की एकदम गप्प होऊन हसायच्या. पहिल्याच दिवशी पातेलं रिकामं आलं होतं. रोलरवाल्यानं कडेला चिकटलेलं पुसून खाल्लं, असं ताई सांगत होती.

वेचलेला बटाटा ते साडूच्या घरामागे सावलीत पसरत. धुवायचा नाही, उन्हात टाकायचा नाही; साल घट्ट होईपर्यंत तसाच राहू द्यायचा. तिथंच ती मागची भिंत होती. वरून गिलावा होता, पण पावसानं तो ठिकठिकाणी सुटला होता आणि कमरेच्या उंचीवर ओळंब्याचं काम कुठे संपलं ते स्पष्ट दिसत होतं. खालच्या विटा एका रेषेत, वर सांधे जाड-बारीक. तो पाट्या ओतत येत-जात होता आणि मुद्दाम तिकडे बघत नव्हता. शेवटच्या दिवशी साडू पाटी ओतून त्याच्या शेजारी उभा राहिला. कंबर धरली. भिंतीकडे बघत म्हणाला,

"पावसात वरचा भाग पाझरतो. खालचा नाही पाझरत."

ओळंब्यानं तेव्हा बघितलं. बघायची परवानगी मिळाल्यासारखं.

"सांध्यांत माल कमी पडलाय," तो म्हणाला. "वाळू सुरू झाली की येऊन भरून देतो."

"बरं," साडू म्हणाला.

एवढंच. पण साडूनं त्या दिवशी त्याला बटाटे स्वतः निवडून दिले. मध्यम आकाराचे, न चिरलेले, साल न खरचटलेले. कुदळ लागलेले वेगळ्या गोणीत घातले. हे आधी खा, म्हणाला. अंधारात ठेवा, खालून वारा लागू द्या, कांद्यांच्या शेजारी ठेवू नका, आठवड्याला एकदा उलटून बघा, एक नासका निघाला तर शेजारचे चार पुसून घ्या. व्यापाऱ्याची गाडी भरली तेव्हा तिच्यातच ओळंब्याच्या गोण्या टाकून त्यानं त्या खाली उतरवून दिल्या. पैशांचं काय, असं ओळंब्यानं विचारलं, तर साडू ताईकडे बघून म्हणाला की तुमची मजुरी अजून माझ्याकडे आहे, सुट्टे नाहीत.

घराच्या मागे, सावलीच्या बाजूला, ओळंब्याचा पडक्या विटांचा ढीग होता. त्यानं त्यातून धड विटा काढल्या, ठोकून स्वच्छ केल्या. जमिनीपासून वीतभर वर एक ओटा उचलला, विटा एकमेकींना न टेकवता, मधून बोट जाईल अशी फट ठेवून. तीन बाजूंनी जाळीची बुटकी भिंत, वर जुना पत्रा, पत्र्यावर गवत म्हणजे तापणार नाही. सिमेंट नव्हतंच, मातीतच बांधलं. बायको डाव्या हातानं पाणी देत होती. काम झाल्यावर त्यानं फटीला ओला हात लावून बघितला. हात थंड लागला, वारा येत होता. बटाटे एकावर एक फार न चढवता पसरले, वर गोणपाट टाकलं. बायकोनं आत डोकं घालून बघितलं आणि म्हणाली की एवढी हवेशीर खोली तिला स्वतःला कधी मिळाली नाही.

ताई परत वर गेली आणि स्वयंपाक पुन्हा त्याच्याकडे आला. आता त्याला कळत होतं. उकडायचे असतील तर सालीसकट, थंड पाण्यातून, मीठ घालून. उकळत्या पाण्यात टाकले तर वरून फुटतात आणि आत गाठ राहते. भाजीच्या फोडी त्यानं एका मापाच्या केल्या, इतक्या की बायको म्हणायची, खायच्यात त्या, रचायच्या नाहीत. कापल्यावर थोडा वेळ पाण्यात. कांदा आधी, बटाटा मग, आणि झाकण ठेवल्यावर सारखं उघडून बघायचं नाही, हे शिकायला त्याला सगळ्यात वेळ लागला. मुकादमानं भाजीचं कौतुक केलं नाही. फक्त दुसऱ्या सोयीची गोष्ट पुन्हा काढली नाही आणि पातेल्याबरोबर कधी चुलीसाठी म्हणून दोन लाकडं दिली.

प्लास्टर निघालं. हात बारीक झाला होता, पण वळत होता. वाळू सुरू झाली, थापी खिळ्यावरून खाली आली. कामावर जाण्याआधी सकाळचे बटाटे मात्र तोच सोलायचा. तिनं नको म्हटलं तरी सोलायचा. साडूच्या भिंतीचे सांधे त्यानं एका सुट्टीच्या दिवशी भरून दिले.

थंडी सरत आली होती आणि रस्ता गावापासून पुढे गेला होता, तेव्हा एका सकाळी साडू दारात येऊन उभा राहिला. आत या म्हटलं तर आला नाही. वाऱ्याबद्दल बोलला. मग रस्ता कुठवर आला ते विचारलं. मग पत्र्याकडे बघून म्हणाला, यंदा पत्रा महाग झालाय म्हणतात. ओळंबा दाढी करत होता. साबण लावलेल्या तोंडानं तो साडूकडे बघत राहिला, आणि त्याला दिसलं की हा माणूस नुसता उभा राहायला आलेला नाही.

"काय झालंय, साडूभाऊ?"

शहरातल्या शीतगृहाचं यंत्र बंद पडलं होतं. बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं. साडूचं सगळं बियाणं आत होतं. लावणीचे दिवस आले आणि बाजारात बियाण्याला लायक बटाटा नाही. हिंडून आलो, म्हणाला. हात लावीन तिथं पाणी सुटलंय.

ओळंब्यानं तोंड पुसलं, अर्धी दाढी तशीच, आणि त्याला मागे घेऊन गेला. गोणपाट बाजूला केलं. आतून कोरड्या मातीचा वास आला. बटाटे घट्ट होते आणि त्यांच्या डोळ्यांतून बुटके, जाड, जांभळट कोंब नुकते वर आले होते. साडू गुडघ्यांवर बसला. एक उचलला, फिरवून बघितला, दुसरा उचलला.

बायको मागून आली होती. "आम्हाला खायला थोडे ठेवा, दाजी," ती म्हणाली. "बाकी सगळे न्या. रस्त्याची माणसं आता पुढच्या गावी जेवतात."

"एवढे सगळे नकोत," साडू म्हणाला.

"रान केवढं आहे ते आम्हाला माहीत आहे. काढलंय आम्ही," ओळंबा म्हणाला.

दोघांनी मिळून निवडले. साडू कोंब बघत होता, ओळंबा वजन. कधी एकानं घेतलेला दुसरा परत टाकायचा आणि मग वाद व्हायचा, आणि वादात साडूचा आवाज चढला तेव्हा ओळंब्याला बरंच वाटलं. इतके महिने साडू जपून बोलत होता. कोंब मोडू नयेत म्हणून पाट्यांत गवत घातलं, गाडीवर एकावर एक न ठेवता शेजारी शेजारी मांडल्या. बायकोनं बहिणीसाठी निरोप सांगितला, मग तो अपुरा वाटला म्हणून पुन्हा सांगितला.

साडूनं गाडीचा दोर आवळला. जाताना थांबला.

"पुढच्या काढणीला मी बोलवायला येणार नाही," तो म्हणाला.

"नका येऊ," ओळंबा म्हणाला. "माळ इथून दिसतो आम्हाला. पाला पिवळा पडला की येऊ."

गाडी चढाला लागली. बायकोनं राहिलेल्यांतले दोघांपुरते बटाटे ओंजळीत घेतले, आत जाऊन पातेल्यात टाकले आणि वर थंड पाणी ओतलं. ओळंबा उरलेली अर्धी दाढी करायला बसला.